प्रशिक्षणाचा तिसरा दिवस

त्या वर्षी पावसाने अर्ध्यातूनच पाठ फिरवली आणि थंडी सरायच्या आत शाळेच्या हातपंपाने मान टाकली. दांडा मारला की आतून नुसती हवा खाकरायची. मग पासष्ट पोरं आणि चार शिक्षकांना पाणी पुरवायचं काम एका बाईच्या दंडांवर येऊन पडलं. ती शाळेत झाडलोट करायची, वर्ग उघडायची, घंटा द्यायची. सगळी शाळा तिला मावशी म्हणायची. शाळेचे मोठे गुरुजी तिच्याहून वीस वर्षांनी थोरले, तेही मावशीच म्हणायचे.

उजाडताच मावशी हातगाडीवर सहा कॅन टाकून खडीच्या खाणीखालच्या विहिरीवर जायची. विहिरीत पाणी असं उरलंच नव्हतं. तळाच्या एका कोपऱ्यात झरा होता, तो वाटीवाटीने साठायचा. बादली सोडायची, हिसका देऊन कलती करायची, अर्धी भरली की ओढायची. सहा कॅन भरेपर्यंत दंड भरून यायचे, दोराने तळवे सोलवटायचे. मग चढ. चढावर गाडी मागे यायला बघायची. मावशी दांडा छातीला लावून पावलापावलाने रेटायची. शाळेच्या ओट्यावर तोटीचा निळा ड्रम होता. त्यात कॅन रिकामे करून ती पुन्हा उताराला लागायची. दोन खेपा झाल्या की ड्रम गळ्यापर्यंत भरायचा आणि शाळा सुटेपर्यंत पुरायला हवा होता.

पण तो पुरेना. मधल्या सुट्टीतच तोटीतून थेंब गळायला लागले. गुरुजींनी पहिल्यांदा मावशीलाच विचारलं, दोनच्या जागी दीड खेप तर होत नाही ना. मावशीने आपले तळवे पुढे केले. गुरुजी ओशाळले आणि म्हणाले की मग बघायलाच हवं पाणी जातं कुठे.

ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाहिलं. तिसरा तास चालू होता, ओटा रिकामा होता आणि तोटीपाशी सहावीतली एक मुलगी उभी होती. तिने बोटांच्या बेचक्या धुतल्या, मनगटं धुतली, कोपरापर्यंत हात चोळले, तोटी बंद केली. हात उन्हाकडे धरून पाहिले. वर्गाकडे दोन पावलं गेली, थांबली आणि परत येऊन तोटी सोडली. गुरुजींनी दाराआडून सात वेळा मोजलं आणि मग बाहेर आले. मुलगी मावशीचीच होती. घरात आणि शाळेत तिला सगळे बारकी म्हणायचे.

गुरुजी कडक होते पण वाईट नव्हते. पोरांच्या पाढ्यांसाठी घसा फोडणारे, कधी रजा न घेणारे. त्यांनी बारकीला हात पुढे करायला लावले आणि फूटपट्टीने प्रत्येक तळव्यावर दोन-दोन दिल्या. तळवे आधीच भेगाळलेले होते, सुकलेल्या तळ्यासारखे. पट्टीच्या कडेला रक्त लागलं. गुरुजींनी पट्टी रुमालाला पुसली आणि मावशीला हाक मारली.

"तुम्ही तिकडे रक्त आटवून पाणी आणता," ते म्हणाले, "आणि ही इथे खेळ करते."

पोरं खिडक्यांतून बघत होती. मावशीला ओट्यावर उभं राहवेना. त्या दिवशी तोटीला कुलूप लागलं, ते फक्त सुट्टीत उघडायचं, आणि किल्ली मावशीच्या कमरेला आली.

पुढचे दिवस वाईट गेले. दर तासाला बारकी वर्गातून निघून यायची. "आई, एकदाच," म्हणायची. मावशी झाडूवरची नजर वर न करता नाही म्हणायची. पोरीच्या आवाजात असं काही असायचं की वर पाहिलं तर किल्ली काढावी लागेल, हे तिला ठाऊक होतं. मग बारकी वह्यांची पानं फाडून त्यांनी हात पुसायला लागली. वर्ग झाडताना मावशीला बाकाखाली चुरगळलेले कागद सापडायचे, कुठे कुठे तांबडे डाग पडलेले.

घरी तर हे चार महिने चालूच होतं. साबणाची वडी आणली की आठवड्यात पानासारखी पातळ व्हायची. मावशीला वाटायचं, पोरीला नखरे सुचायला लागलेत. पण घरातलं खरं दुखणं वेगळं होतं. बारकीचा बाप खाणीवर खडी फोडायच्या यंत्रापाशी कामाला होता. संध्याकाळी घरी यायचा तो पिठात लोळून आल्यासारखा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, खाकरला की घशातूनही पांढरंच. पूर्वी तो आला की पोर धावत जाऊन त्याच्या हातातला डबा घ्यायची. आता तो दारात दिसला की भिंतीला टेकायची. त्याने ताट पुढे सरकवलं तर जेवायची नाही. त्याने पुस्तक उचललं तर त्या पुस्तकाला हात लावायची नाही.

एकदा ती अभ्यास करताना रडत होती, म्हणून बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती किंचाळत उठली आणि स्वयंपाकासाठी ठेवलेला हंडा तिने डोक्यावर ओतून घेतला. घरातलं तेवढंच पाणी होतं. मावशीने तिच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवसापासून बाप आपलं ताट घेऊन बाहेर पायरीवर जेवायला बसू लागला. मावशीने आत बोलावलं तर म्हणाला, "असू दे. शिकतेय ती. शिकलेल्या पोरींना आपली किळस यायचीच."

हे तो रागाने म्हणाला असता तर मावशीला बरं वाटलं असतं. तो सरळ म्हणाला, हवेबद्दल बोलावं तसं.

अशात शाळेत वरून एक पत्र आलं. मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, प्रत्येक शाळेतून एकाने जायचं होतं. कुणालाच जायचं नव्हतं. एका सरांची चाचणीची पेपरतपासणी अडली होती, दुसऱ्यांची कंबर धरली होती, तिसरीच्या वर्गाच्या बाईंचं बाळ अंगावर पीत होतं. शेवटी गुरुजी म्हणाले की मीच जातो, दोन वर्षांनी सेवानिवृत्त होणार आहे, मला शिकवलेलं वाया गेलं तरी कमीच वाया जाईल. सगळे हसले. चहाचे कप उचलायला आलेली मावशीही हसली.

गुरुजी परत आले ते मात्र हसत नव्हते. खांद्याला एक कापडी पिशवी होती, तिच्यात जाडजूड फाईल. ते ओट्यावर आले, ड्रमकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग मावशीला म्हणाले की बारकीला पुन्हा कुणीही मारायचं नाही, मीसुद्धा नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मावशीनेही विचारलं नाही. पालकांची सभा तोंडावर आली होती आणि तिला सतरंज्या झटकायच्या होत्या.

सभा पाण्यासाठीच होती. टँकरची मागणी करायची होती, सह्या घ्यायच्या होत्या. माणसं जमली, बायका भिंतीकडेने बसल्या. सह्या होत आल्या तेव्हा गिरणीवाली उठली. वस्तीतली एकुलती एक पिठाची गिरणी तिच्या नवऱ्याची, त्यामुळे यंत्रावर बोलायची सवय होऊन तिचा आवाज कायमचा चढलेला. ती म्हणाली की टँकर नंतर मागा, आधी आहे ते पाणी कुठे जातं ते विचारा. मावशीची पोर रोज बाह्या भिजवून घरी जायची. आता किल्लीही मावशीच्याच कमरेला. आमची पोरं तहानलेली येतात. यात काय समजायचं ते समजा.

मावशी दाराशी उभी होती. तिचे कान तापले. ती काही म्हणणार इतक्यात गुरुजी उभे राहिले.

"मावशी चोर नाहीत," ते म्हणाले. "ती पोर आजारी आहे. तिला मनाचा आजार आहे. ती मुद्दाम नाही करत, तिला करावंच लागतं."

मग मागून कुणीतरी विचारलं, म्हणजे डोक्यात फरक झालाय का. गुरुजी नाही म्हणाले आणि त्यांनी फाईल उघडली. पाव तास बोलले. चांगल्या मनाने बोलले, पोटतिडकीने बोलले, आणि वाक्यागणिक पोरीला आणखी खोल नेत गेले. लोकांना सोपं जावं म्हणून ते म्हणाले की हा आजार तापासारखाच एक, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेव्हा दोन-तीन बायकांनी शेजारी बसलेल्या आपापल्या पोरांना मांडीवर ओढलं. मावशीने ते पाहिलं. गुरुजींनी पाहिलं नाही, ते फाईलमध्ये बघत होते. बारकी खिडकीबाहेर होती, इतर पोरींबरोबर. सभा संपेपर्यंत ती तिथे एकटीच उरली होती.

दुसऱ्या दिवशी मावशीने दोन खेपा केल्या, ड्रम भरला, किल्ली फिरवली. मधल्या सुट्टीत तोटीकडे कुणी आलं नाही. पोरांनी घरून बाटल्या आणल्या होत्या, चुळा भरण्यापुरतं घोट घोट पाणी. शाळा सुटली तेव्हा ड्रम गळ्यापर्यंत भरलेला होता. ज्या पाण्यासाठी एवढी बोंब झाली ते आता कुणाला नको होतं. कारण ते मावशीने भरलेलं होतं आणि तिच्या पोरीचे हात त्याला लागले होते. वर्गात बारकीच्या बाकावर दुसरं कुणी बसेना. चौथ्या दिवशी बारकीने दप्तर भरलं, दारापर्यंत आली, आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर ती शाळेत गेली नाही. घरी मात्र हात धुणं दुप्पट वाढलं.

आठवडा गेल्यावर मावशी शाळा सुटायच्या वेळी गुरुजींच्या टेबलापाशी गेली. कमरेची किल्ली सोडून तिने टेबलावर ठेवली.

"गुरुजी, चोर म्हणाले होते तेच बरं होतं," ती म्हणाली. "चोरी माणूस सोडू शकतं. सोडली की चार महिन्यांत लोक विसरतात. तुम्ही जे बोललात ते तिच्या मागोमाग चालत राहणार, ती म्हातारी होईपर्यंत."

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांना सांगायचं होतं की मी तुमच्या बाजूनेच बोललो. ते त्यांच्या ओठांवर आलेलं मावशीला दिसलं. पण ते त्यांनी गिळलं.

"प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी मी दुपारीच निघालो. बस चुकली असती. म्हटलं, आजार कळला, आता काय राहिलं."

"काय होतं दुपारी?"

"मुलाबद्दल कुणापाशी बोलायचं, किती बोलायचं. आणि कुठे तोंड बंद ठेवायचं." त्यांनी फाईलवर हात ठेवला. "शेवटच्या आठ पानांत आहे. मी परवा वाचलं, सगळं होऊन गेल्यावर."

मावशीला वाटलं होतं की आपण भांडू, रडू, निदान चार शब्द जास्त सुनावू. पण समोर एक म्हातारा माणूस बसला होता आणि त्याची मान खाली होती. ती किल्ली तिथेच ठेवून घरी गेली.

पुढचं तिला नंतर कळलं. गुरुजींनी त्याच संध्याकाळी प्रशिक्षणातल्या समुपदेशक बाईंना फोन लावला. त्या मोठ्या दवाखान्यात बसायच्या. गुरुजींनी आपलं सगळं सांगितलं, फूटपट्टीपासून सभेपर्यंत. बाई रागावल्या नाहीत, तेच गुरुजींना जड गेलं. बाईंनी विचारलं की त्या मुलीला स्वतःला कुणी काही विचारलं का. आईने ओरडून पाहिलं होतं, त्यांनी मारून पाहिलं होतं, मग समजावून पाहिलं होतं, तेही पन्नास माणसांना. मुलीला कुणीच विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी दिवस कलताना गुरुजी मावशीच्या घरी आले. फाईल आणली नव्हती. बारकीचा बाप पायरीवर पाय धूत होता, तो गडबडून उठला, आतून चटई आणायला निघाला. गुरुजी म्हणाले की राहू द्या, आणि तिथेच पायरीवर टेकले. ते खाणीबद्दल बोलले, झऱ्याबद्दल बोलले. बारकी आतून बाहेर आली नाही. गुरुजी निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, तसेच बसले, तसेच गेले. मावशीला हे काय चाललंय ते कळेना. नवऱ्याला ती म्हणाली की यांना घरी करमत नाही वाटतं. चौथ्या दिवशी बारकी दाराच्या चौकटीपाशी येऊन उभी राहिली, ओले हात अंगापासून लांब धरून.

गुरुजींनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. समोर बघतच म्हणाले की बाळ, मी तुला मारलं ते चुकलं. सभेत बोललो तेही चुकलं. मावशी आत चुलीपाशी हात थांबवून बसली.

"धुतले नाहीत तर काय होईल असं वाटतं तुला?" गुरुजींनी विचारलं.

बारकीने बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"बाबा मरतील."

मावशीच्या हातातली पळी तशीच राहिली. पोर हळूहळू बोलू लागली, थांबत, श्वास घेत. गेल्या वर्षी यंत्रावरचा एक माणूस खोकून खोकून मेला होता. तेव्हा बायका बोलताना तिने ऐकलं की ती भुकटी छातीत जाऊन दगड होते. मग तिच्या मनात आलं की भुकटी घरात राहिली, आपल्या हाताला राहिली, तर बाबांच्या छातीत जाईल. तेवीस वेळा धुतले की जात नाही. बाबांनी एखाद्या वस्तूला हात लावला आणि आपण ती तशीच घेतली की पुन्हा सगळं. आणि मध्ये कुणी बोललं, ओरडलं, तर आकडा मोडतो. मग पहिल्यापासून.

मावशीला आपली हाक आठवली, दिवसातून पन्नास वेळा मारलेली. बास कर, आटप, किती धुशील. प्रत्येक हाकेला पोर पहिल्यापासून सुरू करत होती.

बारकीचा बाप उठला. त्याने गुरुजींकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग तो घराच्या मागे निघून गेला. एवढे दिवस तो पायरीवर जेवला होता, आपली किळस येते म्हणून. बराच वेळ तो आला नाही. मावशी त्याला बघायला गेली नाही; काही वेळा माणसाला एकटं सोडावं लागतं, एवढं तिला सतरा वर्षांच्या संसारात समजलं होतं.

समुपदेशक बाईंनी सांगितल्याप्रमाणे बुधवारी ते चौघं मोठ्या दवाखान्यात गेले. गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा किरकोळ रजा टाकली. मनाचे डॉक्टर साध्या सदऱ्यात होते, आधी अर्धा तास बारकीशी एकटीशी बोलले. मग आईबापांना आत बोलावून सांगितलं की याला वेळ लागेल. हळूहळू, चढाची एकेक पायरी चढावी तसं, न धुता थांबायची सवय करायची. पहिल्यांदा जीव घाबरा होईल, मग ती लाट आपली आपण ओसरते, हे पोरीला अनुभवाने कळायला हवं. गरज पडली तर गोळी देऊ. घरच्यांनी ओरडायचं नाही आणि पुन्हा पुन्हा धीरही द्यायचा नाही. बाबांना काही होणार नाही ना, असं तिने दहादा विचारलं तर दहादा तेच उत्तर देत बसायचं नाही. त्यानेही ती गाठ घट्टच होते. मावशीला हे सगळ्यांत अवघड वाटलं. पोर विचारतेय आणि आईने गप्प राहायचं.

समुपदेशक बाईंनी बापाचा खोकला ऐकला आणि त्याला खालच्या मजल्यावर छातीचा फोटो काढायला पाठवलं. तो नको म्हणत होता. फोटो आला तेव्हा त्यात छातीच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके होते. धुळीच्या दुखण्याची सुरुवात आहे, तिथले डॉक्टर म्हणाले, यंत्रापासून लांबचं काम बघा, दर सहा महिन्यांनी या.

म्हणजे पोर अगदीच चुकली नव्हती. बाहेर बाकावर बसल्यावर मावशीला तेच खात राहिलं. आता हे हिला सांगायचं कसं. तिने बाईंना विचारलं, लपवू का. बाई म्हणाल्या, लपवलंत तर ती हेरेल, आणि मग तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. खरं तेवढंच सांगा. सुरुवात झालीय, डॉक्टर बघताहेत. तुझ्या हात धुण्याने ते आलं नाही आणि तुझ्या हात धुण्याने ते जाणारही नाही.

ते बापानेच सांगितलं, परतीच्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघत. बारकीने ऐकून घेतलं. घरी पोचल्यावर जे तुटपुंजं पाणी होतं त्यात ती तासभर हात धूत राहिली. मावशी बाहेर जाऊन बसली, तोंडात पदर कोंबून, ओरडू नये म्हणून.

शाळेत गुरुजींनी पुन्हा पालकसभा बोलावली नाही. किल्ली त्यांनी मावशीला परत दिली नाही, तोटीचं कुलूपच काढून टाकलं. रोज मधल्या सुट्टीत ते ओट्यावर यायचे, सगळ्या पोरांसमोर ड्रममधून पेलाभर पाणी घ्यायचे आणि सावकाश प्यायचे. बोलायचे काही नाही. तीन-चार दिवसांनी एक पोर आलं, मग दुसरं आलं. तहान पोरांना फार दिवस भांडण करू देत नाही.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी शिक्षकांना थांबवून घेतलं आणि मावशीलाही बसायला सांगितलं. खुर्ची दिली. मावशी त्या खोलीत कधी बसली नव्हती. ती कडेला टेकली. गुरुजींनी ती शेवटची आठ पानं वाचून दाखवली. मग आपण काय काय केलं ते सांगितलं, फूटपट्टीला रक्त लागलं होतं आणि आपण ते पुसून टाकलं, तेही. कंबर धरलेले सर खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर म्हणाले की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. गुरुजी म्हणाले, होतं, आपण त्याला आळस म्हणायचो. मग तिसरीच्या बाई हळूच म्हणाल्या की माझ्या वर्गात एक मुलगी कुठेतरी हरवून बसते, दोन महिने एक शब्द बोललेली नाही. मी तिला शांत पोर म्हणून शाबासकी देत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. गुरुजींनी तिचं नाव विचारलं नाही. आधी तुम्ही तिच्याजवळ बसा, एवढंच म्हणाले.

बारकी महिन्याने शाळेत आली. आधी दोनच तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. तेवीसचे पंधरा झाले, पंधराचे पुन्हा वीस झाले. एक दिवस दहावर आले आणि त्याच संध्याकाळी बाप जोरात खोकला म्हणून सगळं मुसळधार परत आलं. बापाला खाणीवर यंत्रापासून लांब, गाड्यांची नोंद घ्यायचं काम मिळालं. काम हलकं होतं, पण तिथे त्याच्याहून वीस वर्षांनी लहान मुकादम त्याला अरे-तुरे करायचा. तो ते घरी सांगायचा नाही. रोज घरात येऊन तो बारकीसमोर बसायचा, आणि दवाखान्यात शिकवलं होतं तसं ती त्याच्या बाहीला बोट लावून थांबायची. तिचे ओठ पांढरे पडायचे. बाप हलायचा नाही. मावशी तेवढा वेळ सरपण फोडत बसायची, गरज नसली तरी.

टँकर आला नव्हता. विहिरीवर आता दिवसभर बायकांची रांग असायची. वैशाखासारखं ऊन आधीच तापायला लागलं होतं. एका सकाळी मावशी दुसरी खेप भरत होती तेव्हा गिरणीवाली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. सभेनंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. गिरणीवालीने न विचारता दोराला हात लावला आणि दोघींनी मिळून बादली वर ओढली. कॅनमध्ये ओतताना गिरणीवाली अगदी खाली वाकली. तिचा आवाज एवढा बारीक होऊ शकतो हे मावशीला माहीत नव्हतं.

"तुमचे ते डॉक्टर," ती म्हणाली, "कुठल्या वारी बसतात?"

मावशीने कॅनचं झाकण हातात धरलं. दहा पावलांवर रांगेत सगळ्या बायका होत्या, सभेत आपली पोरं मांडीवर ओढणाऱ्याही होत्या. एक वाक्य जरा मोठ्याने म्हटलं असतं तर पुरलं असतं. काय गं, तुझ्या घरात कुणाला लागलं हे दुखणं. ते वाक्य तिच्या जिभेवर पूर्ण तयार होतं, धार लावलेलं. तिने गिरणीवालीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पदराचं टोक तिने बोटाभोवती इतकं आवळलं होतं की बोट जांभळं पडलं होतं.

मावशीने झाकण लावलं, घट्ट फिरवलं. कोण, ते विचारलं नाही.

"बुधवारी," ती तितक्याच हळू म्हणाली. "पहिल्या बसने निघायचं, नाहीतर नंबर लागत नाही. मी येईन सोबत."

गिरणीवालीने नुसती मान हलवली. मग तिने गाडीचा मागचा भाग धरला आणि दोघींनी मिळून गाडी चढाला लावली.